अॅडॉल्फ केतले आणि त्यांचा 'सरासरी मनुष्य'

शाळेंत वैद्यकीय तपासणीचा दिवस उगवला म्हणजे वर्गांत एक निराळीच गडबड उडते. एकेक विद्यार्थी पायांतील जोडे काढून वजनकांट्यावर उभा राहतो, मग भिंतीशीं टाचा टेकून उंची देतो, आणि या दोन आंकड्यांवरून तिसरा एक आंकडा काढून तो त्याच्या पत्रकावर लिहिला जातो. या तिसऱ्या आंकड्यास बॉडी मास इंडेक्स असें म्हणतात. पत्रक घरीं जातें, आईबाप तें वाचतात, आणि पुष्कळदां त्या एका आंकड्यावरून घरांत चिंता व शाळेंत थट्टा सुरू होते. कोणी लठ्ठ ठरतो, तर कोणी काटकुळा. असे प्रसंग आम्हीं पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळीं आमच्या मनांत असें आलें आहे कीं, हा आंकडा ज्या गृहस्थांच्या गणितांतून निघाला त्यांचें चरित्र जर मुलांना व पालकांना ठाऊक असतें, तर त्यांनीं त्या आंकड्यास त्याच्या योग्यतेइतकाच मान दिला असता. अधिक नव्हे आणि उणाहि नव्हे. म्हणून यंदांच्या वार्षिकांत त्या थोर गणित्याची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लँबर्ट अॅडॉल्फ जाक केतले यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ रोजीं घेंट या शहरीं झाला. हें शहर आज बेल्जियम देशांत आहे. परंतु त्या वेळीं बेल्जियम हें राष्ट्रच जन्मास आलेलें नव्हतें. केतले जन्मले तेव्हां घेंटवर फ्रान्सचें राज्य होतें. ते एकोणीस वर्षांचे झाले त्या सुमारास तें नेदर्लंडच्या राजाकडे गेलें. आणि त्यांच्या वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, म्हणजे १८३० सालीं, बेल्जियम स्वतंत्र झालें. बाहेर राज्यें अशीं उलटत असतां त्यांच्या घरींहि दैव अनुकूल नव्हतें. ते सात वर्षांचे असतांनाच त्यांचें पितृछत्र हरपलें. परंतु मुलगा बुद्धिमान् व कष्टाळु होता. १८१५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ते आपल्या गांवच्याच विद्यालयांत गणिताचे शिक्षक झाले.

गणिताचा शिक्षक म्हटला म्हणजे तो रुक्ष असावयाचा, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. केतले यांचें तारुण्य या समजुतीस चांगलें उत्तर आहे. त्यांना चित्रकलेचा नाद होता. ते कविता करीत. आणि डँडेलिन नांवाच्या एका गणितज्ञ मित्राच्या साहाय्यानें त्यांनीं एक संगीत नाटकहि रचिलें होतें. तथापि अखेरीस गणितानेंच त्यांचें मन जिंकलें. घेंट येथें १८१७ सालीं नवें विश्वविद्यालय स्थापन झालें होतें. त्या विश्वविद्यालयाची शास्त्रविषयांतील पहिली डॉक्टरची पदवी १८१९ सालीं केतले यांनीं भूमितीवरील प्रबंधाबद्दल मिळविली, आणि लगेच ब्रुसेल्स येथें गणिताचे अध्यापक म्हणून ते रुजू झाले. पुढील वर्षीं तेथील विद्वत्परिषदेनें त्यांना आपले सभासद करून घेतलें. पुढें १८३४ पासून मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, ते त्या परिषदेचे चिटणीस होते.

ब्रुसेल्समध्यें वेधशाळा नव्हती. ती असावी असा ध्यास केतले यांनीं घेतला व सरकारचें मन वळविलें. १८२३ सालीं सरकारनें त्यांना ज्योतिःशास्त्राच्या अभ्यासासाठीं पॅरिसला पाठविलें. ते गेले तारे पाहावयास. परंतु तेथें लाप्लास व फूरिये यांसारख्या थोर गणित्यांच्या सहवासांत त्यांच्या हातीं एक अशी किल्ली आली कीं, तिनें त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. ती किल्ली कोणती, हें नीट समजून घेतल्यावांचून केतले यांचें मोठेपणहि कळावयाचें नाहीं आणि त्यांची चूकहि कळावयाची नाहीं.

एकाच ताऱ्याचें स्थान दहा निरीक्षकांनीं मोजिलें, तर दहा निराळीं उत्तरें येतात. कोणाचा हात हलतो, कोणाची दृष्टि चुकते, कधीं यंत्र थंडीनें आंखडतें. हीं उत्तरें मांडून पाहिलीं असतां असें दिसतें कीं, बहुतेक उत्तरें मध्याभोंवतीं दाटी करून असतात, आणि मध्यापासून जसजसें दूर जावें तसतशीं तीं विरळ होतात. कागदावर त्यांची आकृति काढिली तर ती घंटेसारखी दिसते. ज्योतिषी त्या सर्वांची सरासरी काढितात व तीच ताऱ्याची खरी जागा मानितात. बाकीचीं उत्तरें म्हणजे निसर्गाच्या नव्हे, तर मोजणाऱ्यांच्या चुका होत.

येथें केतले यांच्या बुद्धीनें मोठी उडी घेतली. ताऱ्यांस लागू पडणारा हा नियम माणसांस कां लागू पडूं नये, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस केला. एका वैद्यकीय मासिकांत छापलेलीं स्कॉटलंडच्या ५,७०० हून अधिक सैनिकांच्या छातीचीं मापें त्यांनीं घेतलीं व मांडून पाहिलीं. आश्चर्य असें कीं, सुमारें ४० इंचांच्या मध्याभोंवतीं तीच घंटाकृति उमटली. जणु काय निसर्गानें एकाच आदर्श सैनिकाचा पुतळा हजारों वेळां घडविला असून प्रत्येक वेळीं त्याचा हात थोडथोडा चुकला होता. जन्म, मृत्यु, विवाह, एवढेंच नव्हे, तर फ्रान्सच्या न्यायालयांतील गुन्ह्यांचे आंकडेहि त्यांनीं तपासिले. वर्षानुवर्षें त्यांत जो सारखेपणा दिसला, त्यानें युरोपांतील विद्वान् चकित झाले, आणि मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेचें काय, असा मोठा वादहि माजला.

आपल्या विचारांचा ग्रंथ त्यांनीं १८३५ सालीं पॅरिस येथें प्रसिद्ध केला. मनुष्य व त्याच्या शक्तींचा विकास हा त्याचा विषय होता, आणि 'सरासरी मनुष्य' हा त्याचा नायक होता. हा नायक कोणत्याहि गांवीं राहत नाहीं, कोणत्याहि आईच्या पोटीं जन्मत नाहीं. हजारों माणसांचीं उंची, वजन, बळ व आयुर्मान यांची सरासरी काढून कागदावर उभी केलेली ती एक प्रतिमा आहे.

या ग्रंथांतील जो भाग आमच्या विषयाशीं थेट जुळतो तो वजनाचा होय. त्याचा पाया त्यांनीं १८३२ सालच्या एका निबंधांत घातला होता. विद्यार्थ्यांनीं येथें भूमितीची थोडी आठवण करावी. एखाद्या घनाची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर त्याचें घनफळ आठपट होतें, कारण लांबी, रुंदी व उंची हीं तीनहि वाढतात. मनुष्य जर सर्व बाजूंनीं सारख्या प्रमाणांत वाढता, तर त्याचें वजनहि उंचीच्या घनाप्रमाणें वाढलें असतें. केतले यांनीं निरनिराळ्या वयांच्या लोकांचीं मापें पडताळून पाहिलीं, तों तसें आढळेना. पहिल्या वर्षांत मूल बरेंचसें घनाच्या प्रमाणांत वाढतें. त्यानंतर वजनाची वाढ मंदावते. वयांत येतांना वजन पुनः झपाट्यानें वाढूं लागतें. आणि पंचविशीनंतर ही वाढ जवळजवळ थांबते. पूर्ण वाढ झालेल्या निरनिराळ्या उंचीच्या माणसांची तुलना केली असतां मात्र त्यांचें वजन सुमारें उंचीच्या वर्गाप्रमाणें बदलतें, असें त्यांस दिसून आलें.

आजचा बॉडी मास इंडेक्स तो हाच. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. उंची १.६० मीटर असेल तर तिचा वर्ग २.५६ होतो, वजन ६४ किलोग्रॅम असेल तर भागाकार बरोबर २५ येतो. परंतु वाचकांनीं एक गोष्ट मनांत पक्की ठेवावी. केतले यांना या गणितानें कोणाचा लठ्ठपणा मोजावयाचा नव्हता किंवा कोणाचें आरोग्यहि ठरवावयाचें नव्हतें. मनुष्यजातीची वाढ कोणत्या नियमानें होते, एवढेंच त्यांना पाहावयाचें होतें. त्यांची दृष्टि नेहमीं समुदायावर होती. एकट्यादुकट्या व्यक्तीवर नव्हती.

समुदायाविषयीं त्यांची विद्या किती उपयोगी पडे, याचें एक गमतीदार उदाहरण आहे. फ्रान्समध्यें सैन्यभरतीसाठीं कमींत कमी उंची १५७ सेंटिमीटर ठरविली होती; तीहून ठेंगण्यांस माफी मिळे. केतले यांनीं एक लक्ष तरुणांच्या उंचीचे आंकडे आपल्या घंटाकृतीशीं ताडून पाहिले. तेव्हां १५७ च्या थोड्या खालीं नियमाहून जास्त माणसें भरलीं आणि थोड्या वर तितकींच कमी भरलीं. यावरून सुमारें दोन हजार तरुणांनीं आपली उंची लबाडीनें कमी दाखवून भरती चुकविली असली पाहिजे, असें त्यांनीं अनुमान केलें. मात्र त्या दोन हजारांत अमुक एक तरुण होता कीं नाहीं, हें तें गणित कधींहि सांगूं शकलें नसतें. या शास्त्राचें सामर्थ्य व त्याची मर्यादा हीं दोन्ही या एका उदाहरणांत दिसतात.

केतले यांचें सार्वजनिक कार्यहि असेंच समुदायाच्या हिताचें होतें. ब्रुसेल्सच्या वेधशाळेचें काम अपुरें असतांनाच १८३० ची क्रांति झाली आणि सैनिकांनीं तिचा किल्ल्यासारखा उपयोग केला. तरीहि त्यांनीं धीर न सोडतां ती उभी केली व जन्मभर चालविली. १८३३ सालीं ते केंब्रिज येथें गेले असतां तेथें संख्याशास्त्रज्ञांची जी बैठक जमली, तींतूनच पुढील वर्षीं लंडनची संख्याशास्त्रमंडळी निघाली. बेल्जियमची १८४६ ची खानेसुमारी त्यांच्या मार्गदर्शनानें झाली, आणि तिची पद्धति इतर देशांस कित्त्यासारखी झाली. १८५३ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांतील संख्याशास्त्रज्ञांची पहिली परिषद ब्रुसेल्स येथें त्यांच्याच अध्यक्षतेखालीं भरली. पुढें व्हिक्टोरिया राणीचे पति झालेले राजपुत्र अल्बर्ट हे त्यांचे शिष्य होते. रुग्णसेवेसाठीं जगप्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल तर त्यांना गुरुस्थानीं मानीत. इस्पितळांतील मृत्यूंचे आंकडे मांडून सरकारचे डोळे उघडण्याच्या त्यांच्या कार्याला केतले यांच्या ग्रंथांनीं मोठें बळ दिलें.

अशा या थोर पुरुषाची चूक कोठें झाली, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कारण केवळ स्तुति म्हणजे चरित्र नव्हे. तारा एकच असतो. त्याचीं दहा मापें चुकलीं तरी त्यांच्या मागें एक खरी जागा असते. माणसांचें तसें नाहीं. हजार माणसांच्या मागें एखादा खरा मनुष्य लपलेला नसतो. उंच मुलगा ही निसर्गाची चूक नव्हे आणि ठेंगणा मुलगाहि नव्हे. ते दोघेहि तितकेच खरे आहेत. केतले यांनीं मात्र सरासरीस आदर्शाचें आसन दिलें आणि तिजपासून दूर असणें म्हणजे जणु व्यंग, असें मानिलें. ही समजूत किती फोल आहे, हें शंभराहून अधिक वर्षांनीं अमेरिकेंत दिसून आलें. तेथील विमानदलांत गिल्बर्ट डॅनियल्स या अधिकाऱ्यानें ४,०६३ वैमानिकांचीं मापें तपासिलीं. उंची, छाती, बाहु अशा दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा वैमानिक त्यानें शोधिला. १९५२ सालीं त्यानें निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा कीं, तसा वैमानिक एकहि निघाला नाहीं.

१८५५ सालीं, एकुणसाठाव्या वर्षीं, केतले यांना मेंदूचा झटका आला. त्यांची स्मरणशक्ति पूर्वीसारखी राहिली नाहीं. तरीहि त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं; १८६९ सालीं त्यांनीं आपल्या मुख्य ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति काढिली, आणि १८७० सालीं मानवी देहाच्या मापांवरील शेवटचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १७ फेब्रुवारी १८७४ रोजीं, अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसास पांच दिवस राहिले असतां, त्यांनीं ब्रुसेल्स येथें देह ठेविला. पुढें १८८० सालीं त्या शहरीं त्यांचा पुतळा उभारण्यांत आला.

मनुष्य गेला तरी त्याचें सूत्र राहिलें. विसाव्या शतकांत विमा कंपन्यांना गिऱ्हाइकांचें वजन योग्य कीं अयोग्य हें ठरविण्याची गरज पडूं लागली, व त्यांनीं उंची-वजनाचीं कोष्टकें केलीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज व त्यांचे सहकारी यांनीं पांच देशांतील सात हजारांवर पुरुषांची तपासणी करून अशीं निरनिराळीं सूत्रें पारखिलीं. त्यांत केतले यांचें सूत्र त्यांना साध्या सूत्रांपैकीं बरें वाटलें, आणि त्यांनींच त्यास बॉडी मास इंडेक्स हें नांव दिलें. त्या तपासणींत एकहि स्त्री नव्हती. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें १८.५ च्या खालीं कृश, २५ पासून अधिक वजन व ३० पासून लठ्ठपणा अशा रेघा आंखिल्या. आणि अशा रीतीनें समुदायाकरितां काढलेलें माप हळूहळू प्रत्येक माणसाच्या गळ्यांत येऊन पडलें.

तें माप निरुपयोगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. वजनकांटा व मोजपट्टी यांवांचून त्यास कांहीं लागत नाहीं, खर्च जवळजवळ नाहीं, आणि एखाद्या देशांत लठ्ठपणा वाढत आहे कीं घटत आहे, हें त्यावरून चांगलें कळतें. परंतु कांटा फक्त वजन सांगतो. तें वजन कशाचें आहे हें तो सांगत नाहीं. वर सांगितलेल्या १.६० मीटर उंचीचे व ६४ किलोग्रॅम वजनाचे दोन गृहस्थ आपण डोळ्यांपुढें आणूं. एक तालमींत घुमणारा पहिलवान आहे. दुसरा दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा आहे. एकाचें वजन स्नायूंचें व हाडांचें, दुसऱ्याचें पोटावरील चरबीचें; परंतु दोघांचाहि आंकडा २५. म्हातारपणीं स्नायु झिजतात व त्यांची जागा चरबी घेते; वजन तेवढेंच राहतें आणि आंकडा स्वस्थ बसतो. रोगानें अंगावर सूज आली तर तेंहि वजनच. चरबी कोठें साचली आहे, हें तर त्या आंकड्यास मुळींच दिसत नाहीं. आणि पोटांत, यकृताभोंवतीं साचणारी चरबीच मधुमेहास व हृदयविकारास अधिक कारण होते.

या बाबतींत पुण्यांतील एका संशोधनाचें नांव साऱ्या जगांत झालें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लान्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपल्या दोघांचें छायाचित्र व मापें प्रसिद्ध केलीं. दोघांचाहि बॉडी मास इंडेक्स सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी सुमारें ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत सुमारें २१ टक्के भरली. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचींहि मापें घेतलीं होतीं. तीं बालकें सरासरी २.७ किलोग्रॅमचीं, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलोग्रॅमचीं, तथापि वजनानें इतकीं लहान असून आमच्या बालकांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नव्हती. दिसण्यांत कृश, पण आंतून चरबीयुक्त, अशी ही आमच्या लोकांची ठेवण आहे. म्हणून २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं २३ या आंकड्यापासूनच सावध होण्याचें सुचविलें, आणि २००९ सालीं भारतांतील तज्ज्ञांनीं २३ पासून अधिक वजन व २५ पासून लठ्ठपणा मानावा असें ठरविलें. एकच देह एका रेघेनें निरोगी आणि दुसऱ्या रेघेनें अधिक वजनाचा ठरूं शकतो. रेघ निसर्गानें आंखलेली नसून माणसांनीं आंखलेली आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? २०२५ सालीं तर अनेक देशांतील तज्ज्ञांच्या एका आयोगानें स्पष्ट मत दिलें कीं, केवळ या आंकड्यावरून एखाद्या व्यक्तीचा लठ्ठपणा ठरवूं नये. कमरेचा घेर किंवा प्रत्यक्ष चरबीचें माप घ्यावें, आणि शरीराचे व्यापार बिघडले आहेत कीं काय हेंहि पाहावें.

आतां आमच्या विद्यार्थ्यांविषयीं दोन शब्द. मोठ्या माणसांच्या या रेघा वाढत्या मुलांस लावणें ही तर उघड चूक होय. मुलांचा आंकडा वयाप्रमाणें व मुलगा कीं मुलगी याप्रमाणें निराळ्या तक्त्यावर पाहावा लागतो. भारतीय मुलांसाठीं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ सालीं असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. शिवाय वयांत येतांना वजन झपाट्यानें वाढतें, हें खुद्द केतले यांनींच लिहून ठेविलें आहे. तेव्हां एका वर्षाच्या आंकड्यावरून घाबरून जाऊन मुलीस उपाशी ठेवणें, किंवा आंकडा ठीक आला म्हणून मुलास मैदानाऐवजीं खुर्चीवर बसूं देणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. पालकांनीं तें पत्रक जपून ठेवावें, मागील वर्षांच्या पत्रकांशीं ताडून पाहावें, आणि शंका आली तर डॉक्टरांस विचारावें. मूल दमतें का, खेळतें का, नीट झोंपतें का, त्याच्या ताटांत भाजी व डाळ असते का, याकडे लक्ष द्यावें. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा नियमहि लक्षांत ठेवावा.

आणि विद्यार्थ्यांनीं आपल्या सोबत्याची थट्टा करण्यापूर्वीं केतले यांचा सरासरी मनुष्य आठवावा. त्याच्या मापाचा मनुष्य चार हजार वैमानिकांत सांपडला नाहीं. तो आपल्या वर्गांत तरी कोठून सांपडावा? केतले यांनीं गर्दी मोजण्याची विद्या जगास शिकविली, आणि त्याबद्दल जग त्यांचें ऋणी आहे. परंतु वजनकांट्यावर गर्दी कधीं उभी राहत नाहीं. तेथें एका वेळीं एकच मूल उभें राहतें.